खरखर गेली पाहिजे

शेवगावला मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि मी खोली शोधत फिरू लागले, तेव्हा प्रत्येक घरमालक मला तेच ते विचारी. एकटी बाई कशी राहणार, भेटायला कोण कोण येणार, संध्याकाळी किती वाजता घरात येणार. एकाच माणसाने यातलं काहीही विचारलं नाही. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, आतून पाणी मागवलं आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं, "तुमच्याकडे विजेची इस्त्री आहे का?"

मी नाही म्हटलं.

"ट्यूबलाईट लावायचा विचार?"

"नाही."

"शिवणाचं मशीन? पायाचं असेल तर हरकत नाही."

मला वाटलं, विजेच्या बिलाची काळजी असेल. माणूस चिक्कू दिसतोय, पण सरळ आहे. मी तिथल्या तिथे खोली घेतली. बिलाशी त्या प्रश्नांचा काडीचाही संबंध नव्हता हे पहिल्याच संध्याकाळी कळलं. मी दिव्याचं बटण दाबलं आणि भिंतीपलीकडून आरोळी आली, "बाई! बातम्या चालू असताना बटण दाबायचं नाही! खट्ट झालं इकडे!"

बातम्या संपेपर्यंत मी दिव्याखाली हात जोडून बसले. बटण बंद करायचीही सोय नव्हती, पुन्हा खट्ट झालं असतं.

सगळे त्यांना अप्पा म्हणत. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, उंच, काटकुळे, नाकावर घसरलेला चष्मा. इतर निवृत्त माणसं खिशाला पेन लावतात, यांच्या खिशाला स्क्रू-ड्रायव्हर असे. धोतरावर जागोजाग सोल्डरिंगने पडलेली भोकं. त्यांच्या अंगाला तपकिरीचा आणि जळक्या राळेचा मिळून एक वास येई, आणि तो वास आला की समजायचं, सेट उघडलाय.

सेट म्हणजे रेडिओ. व्हॉल्व्हचा, लाकडी, देवघराएवढा, समोर हिरवा डोळा असलेला. स्टेशन नीट लागलं की तो डोळा मिटत येई. बाहेरच्या खोलीत तो एका चौरंगावर होता, चौरंगाच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे होते, कारण रस्त्याने बैलगाडी गेली की म्हणे व्हॉल्व्ह हादरतात. एखाद्या घरात आजारी माणूस असावा तसं त्या घरात सगळं सेटच्या तब्येतीवर चाले. आणि सेटची तब्येत कधीही ठीक नसे. मी तिथे राहिले त्या काळात त्याची पाठीमागची फळी जागेवर बसलेली मी क्वचितच पाहिली. कोणी रेडिओ ऐकायला आलं की अप्पा दारातच सांगत, "आज नाही. सेट उघडलाय."

त्यांचं म्हणणं असं की, सेट विकत घेणं म्हणजे काही विशेष नाही, ते कुठलाही पैसेवाला करतो. खरं काम त्याच्या पुढचं. सेटला वाढवावं लागतं. म्हणून त्यांनी गच्चीवर दोन बांबू रोवून, चिनी मातीचे गुट्टे लावून, तांब्याच्या तारेचा एरियल ताणला होता. विजेचा दाब वरखाली होतो म्हणून एक खोकं आणलं होतं, ते सेटपेक्षा जास्त आवाज करी. आणि सेटच्या आतला स्पीकर 'नाकातून बोलतो' म्हणून त्यांनी दुसरा मोठा स्पीकर आणून तो एका माठाच्या तोंडावर बसवला होता. माठामुळे आवाज खोल येतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तो माठ काकूंचा होता, पिण्याच्या पाण्याचा. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांनी नवा माठ मागितला तेव्हा अप्पा म्हणाले, "नव्याला असा आवाज येणार नाही. हा मुरलेला आहे."

एवढं करून ऐकायचं काय, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. बातम्या देणाऱ्याने काय सांगितलं ते त्यांना विचारून उपयोग नसे, त्याचा घसा कसा होता ते मात्र सांगत. युद्धाच्या दिवसांत आळीतली माणसं बातम्यांसाठी त्यांच्या ओसरीवर जमत. एकदा असेच सगळे दाटीवाटीने बसले असताना अप्पांनी ऐन बातम्यांत टोनचं बटण फिरवून दाखवायला घेतलं. "हा बघा जाड आवाज. हा बारीक. आता दोन्हींच्या मधला." मधला आवाज सापडेपर्यंत बातम्या संपल्या. लढाई थांबल्याचं आम्हाला समोरच्या भागाबाईकडून कळलं.

भागाबाईचा नवरा ऊसतोडीला जाऊन आला तेव्हा एक ट्रान्झिस्टर घेऊन आला होता. हातभर सुद्धा नाही, कातडी पिशवीतला, गोठ्याच्या खुंटीला अडकवलेला. म्हशीच्या शेपटीचे फटके खात तो दिवसभर बोलत असे. पुणे लागे, मुंबई लागे, कधी कधी कुठली तरी परदेशी बाईही गाऊन जाई. अप्पा त्याला 'डबी' म्हणत. "डबी वाजते, बाई. सेट बोलतो. फरक आहे."

"त्यांची डबी निदान रोज वाजते," मी एकदा म्हणाले. मला तेव्हा वाटलं होतं, खोली सोडावी लागणार. पण अप्पांनी माझ्याकडे अडाणी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "बाई, तुम्हाला खरखर ऐकू येत नाही. तुमचा दोष नाही. कान तयार व्हावा लागतो. आधी खरखर गेली पाहिजे, मग ऐकायचं."

ही खरखर घालवण्यासाठी जे काही होतं त्यात सर्वांत वरचं स्थान अर्थिंगचं. अंगणाच्या कोपऱ्यात त्यांनी खड्डा खणला होता, त्यात कोळसा आणि खडेमीठ भरून मधे एक तांब्याची फुटकी कळशी पुरली होती. कळशीपासून तार निघून खिडकीतून सेटच्या पोटात जाई. ही जमीन ओली राहिली तर सेट स्वच्छ बोलतो, सुकली की गुणगुणतो. म्हणून रोज सकाळी आंघोळ झाली की अप्पा तुळशीला अर्धी पळी आणि त्या खड्ड्याला भरला तांब्या घालत.

इतर वर्षी याचं कोणाला काही वाटलं नसतं. पण तो बहात्तर-त्र्याहत्तरचा दुष्काळ होता. आळीतली विहीर तळाला गेलेली, टँकर आला तर आला. बायका खडी फोडायला जात, संध्याकाळी येऊन हंड्यांची रांग लावत. अशा दिवसांत सकाळच्या प्रहरी एक धडधाकट माणूस भरला तांब्या घेऊन येतो आणि जमिनीत ओततो, हे बघायला भागाबाई मुद्दाम दारात उभी राही.

"अप्पा, आमची म्हस तान्हेली हाय, आन तुमी त्या पेटीला पानी पाजताय व्हय?"

"भागाबाई, हे पाणी सेटला नाही. अर्थिंगला आहे."

"म्हंजी कुनाला?"

"जमिनीला."

"जमिनीला! वरच्या देवानं पाजलं न्हाई तिला साल झालं, आन तुमी तांब्यानं पाजताय! लई पुन्य लागंल बघा."

बायका पदर तोंडाला लावून हसत. अप्पा गंभीरपणे तांब्या पालथा करून शेवटचा थेंब झटकत. आत काकू भांडी राखेने घासून फडक्याने पुसत असत. पाणी वाचवायला.

काकूंबद्दल लिहायचं तर त्या घरात त्या आहेत हे विसरायला व्हायचं, इतक्या त्या गप्प. सेटला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती, फडकं मारायचीसुद्धा. आणि त्यांच्या गप्प राहण्याचं आणखी एक कारण पुण्यात होतं. त्यांची एकुलती एक मुलगी दोन वर्षांपूर्वी तिथे नोकरी करताना स्वतःच्या मनाने, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली होती. अप्पांनी आरडाओरडा केला नाही की अंगारे-धुपारे केले नाहीत. त्यांनी तिचं नाव घेणं बंद केलं, एवढंच. कोणी विचारलं तर "पुण्याला असते" असं सांगत, बदलीची जागा सांगावी तसं. काकूंना त्यांनी पुण्याला जायला कधी मनाई केली नाही. "जायचं तर जा, मी अडवलंय का?" असं म्हणत. ते ज्या आवाजात म्हणत, तो ऐकून कोणतीही बाई गेली नसती. पोरीचा आवाज काकूंनी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

मला एका शिबिरासाठी पुण्याला जायचं होतं. काकूंनी रात्रीतून कुरडया बांधून माझ्या पिशवीत घातल्या, वर मुलीच्या पत्त्याची चिठ्ठी खोचली. मी पत्ता शोधत गेले. मुलगी अगदी आईसारखी, पण बोलकी. तिने मला जेवू घातलं आणि निघताना सांगितलं, "आईला म्हणावं, मी रेडिओवर गाणार आहे. पुढच्या महिन्यात, बायकांच्या कार्यक्रमात, दुपारी. ती दळताना म्हणायची त्या ओव्या म्हणणार आहे."

परत आल्यावर मी स्वयंपाकघरात काकूंना हे हळू आवाजात सांगितलं. बाहेरच्या खोलीत सेट उघडलेला होता, स्क्रू-ड्रायव्हरची किरकिर चालू होती. ती थांबली. काकूंनी तोंडात पदराचा बोळा घातला. मग बाहेरून प्रश्न आला.

"किती वाजता म्हणाली?"

"दुपारी. वार बुधवार."

"मध्यम लहर?"

"ते मी विचारलं नाही, अप्पा."

"विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीवर चढले आणि एरियल उतरवला. तो महिना आमचा सेटखाली गेला. बांबू काढून जास्त उंच बांबू आले. एक व्हॉल्व्ह 'थकलेला' निघाला, त्याच्यासाठी अप्पा एस.टी.ने नगरला जाऊन आले आणि येताना तो नवा व्हॉल्व्ह मांडीवर दोन्ही हातांत धरून आणला, बाळंतिणीचं मूल आणावं तसा. मुलीला बघायला पुण्यापर्यंत जाणं त्यांना जमलं नव्हतं, व्हॉल्व्हसाठी नगरपर्यंत जमलं. हे मी काकूंना बोलून दाखवलं. काकू म्हणाल्या, "तिच्यासाठीच चाललंय ना, बाई. त्यांचं असंच असतं."

भागाबाईला हे कळलं, तशी ती येऊन म्हणाली, "काकू, तुमी बुदवारी आमच्यात या. आमचं कवाबी लागतं. ह्यांचं काय खरं हाय?"

अप्पा ताडकन बाहेर आले. "स्वतःच्या मुलीचं गाणं डबीतून ऐकणार?"

दोन वर्षांत 'मुलगी' हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता. भागाबाईच्या ते लक्षात आलं नाही. काकूंच्या आलं. त्यांनी भागाबाईला सांगितलं की, मी घरीच ऐकते.

बुधवारी मी शाळेतून अर्धी रजा घेतली. काकू ठेवणीतलं लुगडं नेसून सेटसमोर पाटावर बसल्या होत्या. त्यांनी सेटला हळदकुंकू वाहिलं, तर अप्पा ओरडले, "आत सांडलं तर कंडेन्सर जाईल!" मागची फळी त्या दिवशी सुद्धा काढलेलीच होती. बटण दाबलं, व्हॉल्व्ह तापले, हिरवा डोळा उघडला आणि सेट गुणगुणू लागला. मधमाश्यांचं मोहळ उठावं तसा. त्या गुणगुणण्याच्या तळाशी कुठेतरी एक बाई लोणच्याची कृती सांगत होती.

"अर्थिंग सुकलंय," अप्पा म्हणाले. तांब्या घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थबकले. टँकर आला नव्हता. घरात एक हंडा होता, तो आम्हा तिघांना पिण्यापुरता. माणूस कितीही वेडा असला तरी त्या दिवशी ते मागायला त्यांची जीभ रेटेना.

काकू पाटावरून उठल्या. त्यांनी तो हंडा कमरेवर घेतला, अंगणात नेला आणि सगळाच्या सगळा त्या खड्ड्यात रिकामा केला. समोर बायका उभ्या होत्या, पण या वेळी कोणी हसलं नाही. मला मात्र राग आला. अप्पांचा तर आलाच, काकूंचाही आला. आपण एवढं दिल्यावर समोरचा माणूस बदलेल असं त्यांना वाटत होतं, आणि मला ते वाटत नव्हतं.

सेट मात्र बदलला. गुणगुण खाली खाली गेली आणि थांबली. मुलीचं नाव पुकारलं गेलं, आणि मग ती गाऊ लागली. खरंच सांगते, असा आवाज मी त्या सेटमधून आधी कधी ऐकला नव्हता. ती त्याच खोलीत बसून गात असल्यासारखं वाटलं. काकूंनी डोळे मिटले.

"ऐकलंत?" अप्पा म्हणाले. "बाई, मागे ऐका. आहे खरखर?"

मी बोटाने गप्प राहायची खूण केली.

"नाही ना? आता हा 'स' ऐका. 'स' फुटत नाहीये. नव्या व्हॉल्व्हचं काम आहे ते. इकडे या, या माठाजवळ या, इथे बसून ऐकलं की वेगळं लागतं. थांबा, जरा जाड करतो." त्यांनी टोनचं बटण फिरवलं. मुलगी पुरुषी आवाजात गाऊ लागली. "नको, हे नको. जरा बारीक." मुलगी चिरक्या आवाजात गाऊ लागली. "आता बघा हां, दोन्हींच्या मधलं."

काकूंनी डोळे उघडले. तेवढ्यात समोरच्या गोठ्यातूनही तीच ओवी ऐकू आली, पातळ, पत्र्यावर वाजल्यासारखी. भागाबाईने ट्रान्झिस्टर मोठा केला होता. अप्पा भडकले. "ही डबी कोणी लावली? सगळं मिसळतंय! बाई, जरा जाऊन बंद करायला सांगा."

मी जागची हलले नाही. काकू उठल्या. मला वाटलं, सवयीप्रमाणे सांगायला निघाल्या. त्यांनी चपलासुद्धा घातल्या नाहीत. रस्ता ओलांडून त्या गोठ्यात गेल्या, बायकांनी सरकून जागा दिली, आणि त्या म्हशीच्या दावणीपाशी, ठेवणीतल्या लुगड्यानिशी, खाली बसल्या. मी खिडकीतून बघत होते. तिथे कोणी बोलत नव्हतं.

निवेदिकेचा आवाज आल्यावर अप्पांनी मागे वळून पाहिलं. पाट रिकामा होता.

"कुठे गेली ही? आत्ता कुठे आवाज लागला होता."

संध्याकाळी भागाबाईने आपल्यातली एक कळशी आणून आमच्या दारात ठेवली, एकही टोमणा न मारता. काकू चुलीशी बसून मला म्हणाल्या, "शेवटची ओवी बापावरची होती, बाई. मी शिकवलेली नाही. तिनं मनानं रचली असेल." अप्पा बाहेर होते. त्यांनी फळी लावायला घेतली होती, आणि खूश होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी मुलगी दुपारच्या एस.टी.ने आली, एकटीच, न कळवता. ती ओसरीवर उभी राहिली आणि काकू तिला धरून रडल्या. अप्पा आतून आले. दोन वर्षांनी समोर आलेल्या लेकीला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "तुझ्यापुढे मायक्रोफोन कसला ठेवला होता?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पण मुलगी हसली. तिने मायक्रोफोन सांगितला, त्याच्यापासून किती लांब बसवलं ते सांगितलं, काचेपलीकडे कोण बसतं ते सांगितलं. अप्पा तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसले होते आणि लहान मुलासारखे मधे मधे विचारत होते. मला क्षणभर वाटलं, चला, कुठल्या का वाटेने होईना, बापलेक बोलायला तरी लागले. काकूंनी चहा आणला.

"तुम्ही ऐकलंत ना अप्पा?" मुलीने बशीत चहा ओतता ओतता विचारलं.

"ऐकलं म्हणजे? अगदी स्वच्छ! विचार या बाईंना. खरखर नावाला नव्हती."

"शेवटची ओवी?"

"सगळंच. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"मग काय होतं तिच्यात?"

अप्पांनी तोंड उघडलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. आयुष्यभर चष्मा कुठे, किल्ली कुठे, तारीख काय, हे सगळं काकूंनीच त्यांना पुरवलं होतं. काकू जमिनीकडे बघत बसल्या. मग अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं, तरी मी सांगितलं नाही, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

अप्पा उठले, आत जाऊन त्यांनी सेट बंद केला आणि परत येऊन बसले. "मग आता म्हण," ते म्हणाले. "एकदा म्हण. मी ऐकतो."

"इथंच म्हणत होते की मी, अप्पा," मुलगी म्हणाली. "लहानपणापासून. तुम्ही म्हणायचात, गप्प बस, स्टेशन लागतंय."

ती रागाने बोलली नाही. साधं, वर्गात धड्यातलं उत्तर द्यावं तसं बोलली. अप्पांनी खुर्ची पुढे ओढली, डावा कान तिच्याकडे केला आणि मान खाली घालून बसून राहिले. बातम्यांची वेळ झाली, तरी सेटकडे गेले नाहीत. मुलीने बशीतला उरलेला चहा संपवला, सगळ्यांच्या कपबशा गोळा केल्या आणि त्या विसळायला ती आत निघून गेली.